रडव्यांचा कप्पा

दुकानाच्या पाटीवर मालकाचं नाव होतं, पण गल्लीत त्या नावाने त्याला कुणी हाक मारत नव्हतं. सगळे वैद्य म्हणत. औषधांशी त्याचा संबंध डोकेदुखीच्या गोळीपुरताच. दुकान सिनेमांच्या डीव्हीडी भाड्याने देण्याचं होतं. पण दारात माणूस उभा राहिला की तो आधी त्याचं तोंड बघायचा, दोन प्रश्न विचारायचा, मागे वळून एक पाकीट काढायचा आणि काउंटरवर ठेवायचा. गिऱ्हाइकाने सिनेमाचं नाव सांगितलेलं त्याला खपत नसे.

"नाव राहू दे. आज घरी कोण कोण आहे?"

"मी आणि सासूबाई."

"बोलणं आहे का दोघींचं?"

"आजपुरतं नाही."

"मग हा घेऊन जा. यात हसू येतं, पण एकमेकींकडे बघून हसावं लागत नाही."

दुकानात दर्शनी भागात नुसती रिकामी वेष्टनं मांडलेली असत. खऱ्या डिस्क काउंटरमागच्या लाकडी कपाटात, पातळ प्लास्टिकच्या पाकिटांत. कपाटाला सहा कप्पे होते आणि प्रत्येकावर वैद्याने स्वतः रंगाने लिहिलं होतं : हाणामारी, हसवे, रडवे, भुतं, हेर, लहान मुलं. प्रत्येक डिस्कवर काळ्या मार्करने कप्प्याचं पहिलं अक्षर आणि नंबर. माणसांचंही तसंच. दारातून आत आलेल्याला तो मनातल्या मनात एका कप्प्यात ठेवून मोकळा व्हायचा. एकदा ठेवला की ठेवला. इस्पितळातली नर्स हसव्यांत. बस डेपोतला मेकॅनिक दिसायला आडदांड, पण तो रडव्यांत. शाळेतले चित्रकलेचे मास्तर हाणामारीत, आणि त्यांना ते कबूल करायला एक पावसाळा लागला.

त्याचा सगळ्यात गाजलेला इलाज दोन भावांचा. एकाच घरात मधे भिंत घालून राहणारे, एकमेकांचं तोंड न बघणारे. एका रविवारी दोघंही मागेपुढे दुकानात आले. वैद्याने एक लांबलचक हेरगिरीचा सिनेमा काढला, जो दोन डिस्कवर येतो. थोरल्याला पहिली डिस्क दिली, धाकट्याला दुसरी. संध्याकाळी धाकटा तणतणत आला. "अहो, हा मधूनच सुरू होतो!" वैद्य शांतपणे म्हणाला, "सुरुवात तुमच्या भिंतीपलीकडे आहे." भाऊ बोलले नाहीत ते नाहीतच, पण डिस्कची अदलाबदल खिडकीतून झाली म्हणतात. शेजारचा घड्याळवाला ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि शेवटी स्वतःच्या पदरचं जोडायचा, "ती खिडकी त्याआधी खिळे मारून बंद केलेली होती."

वैद्याचा शिस्तीचा एकच नियम होता आणि तो पाळला नाही तर तो भल्याभल्यांना झापायचा. डिस्क पुसायची ती मधल्या भोकापासून कडेपर्यंत, सरळ. गोल गोल पुसायची नाही. सरळ ओरखडा यंत्र ओलांडून जातं. गोल ओरखड्यात अडकून बसतं. "ताट नाही घासायचंय," तो म्हणायचा.

बायकोला त्याने रडव्यांत ठेवलं होतं.

ते अगदी सुरुवातीला ठरलं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, दुकान नुकतंच उघडलं होतं. एका शनिवारी त्याने पहिल्यांदा घरी सिनेमा नेला. बंदरावर हरवलेलं पोर शोधत फिरणाऱ्या आईची गोष्ट. तो दाराशी उभा राहून थोडा वेळ बघत होता, कारण परत दुकानात जायचं होतं. बायको गालाला हात लावून बसली होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागली. वैद्य दुकानात परतला तो हवेत तरंगत. अचूक नाडी सापडली होती.

तेव्हापासून दर शनिवारी एक रडवा सिनेमा घरी जायचा. तो टीव्हीवर पाकीट ठेवायचा, चहा घ्यायचा आणि दुकानात परत यायचा. संध्याकाळचेच तर धंद्याचे तास. घरी पोचेपर्यंत बायको सगळं आवरून बसलेली असायची.

"कसा होता?"

"चांगला होता."

दुसऱ्या दिवशी तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "बिनधास्त न्या. आमच्या घरी रडून पास झालाय." लोक हसायचे आणि न्यायचे. एकदा दुकानाचे एक जुने सभासद बायकोसमोरच म्हणाले, "वहिनी, तुमच्या रडण्यावर भरवसा ठेवून आम्ही पैसे देतो हां." ती हसली. काय म्हणणार?

एक वचन मात्र वैद्याने तिला फार वर्षांपासून दिलेलं होतं. दुकान कायमचं बंद केलं की रोज संध्याकाळी तो तिच्यासोबत बसून सिनेमा बघेल, पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत. सगळ्या गल्लीला सिनेमा पुरवणाऱ्या माणसाने बायकोशेजारी बसून एकही पुरा पाहिला नव्हता. हे त्याला टोचायचं. पण धंदा सोडून संध्याकाळी घरी कसं बसणार?

मग धंद्यानेच त्याला सोडलं. लोकांच्या खिशात फोन आले आणि फोनमध्ये सिनेमे. नर्स येईनाशी झाली, मग मेकॅनिक. चित्रकलेचे मास्तर सगळ्यांत शेवटपर्यंत आले, पण ते निवृत्तीनंतर गप्पांसाठी. जागामालकाने ती जागा औषधांच्या दुकानाला दिली. "बघ," घड्याळवाला म्हणाला, "शेवटी वैद्याच्या जागी औषधंच आली."

घरी बायकोने टीव्हीखालच्या कपाटाचा एक खण रिकामा करून दिला. त्यात मावेल तेवढं ठेवायचं, बाकी विकायचं. वैद्याला यात काहीच अवघड वाटलं नाही. आयुष्यभर हेच तर केलं होतं. भंगारवाला हातगाडी घेऊन आला, तेव्हा सगळ्यांत आधी त्याने भुतांचा कप्पा रिकामा केला.

"एखादं तरी भूत ठेव रे," घड्याळवाला दारातून म्हणाला. "म्हातारपणी सोबत होईल."

"घरात कोण बघणार? बायको तर पाल पडली तरी डोळे मिटते."

भुतांच्या कप्प्याला जाता जाता त्याने एक सलाम मात्र ठोकला, तो शिलाईवाल्या बाईंच्या नावाने. या बाई त्याच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायच्या, एकट्या, आणि आठवड्याला दोन भुतं न्यायच्या. वैद्याच्या मते साऱ्या सभासदांत सिनेमा कळणाऱ्या त्या एकच. परत करताना त्यांचा शेरा ठरलेला. "यातलं भूत फार लवकर दिसलं. दिसलं की भीती संपते." किंवा, "घर चांगलं होतं, माणसं बेकार." वैद्य त्यांच्यासाठी खास शोधून माल आणायचा, घाऊक बाजारात तासतास उभा राहायचा. घरी येऊन बायकोला सांगायचा, "त्या शिलाईवाल्या बाईंची नजर बघ. तू आपली 'चांगला होता'च्या पुढे जात नाहीस." बायको म्हणायची, "असेल बाई त्यांची." आणि ताट वाढायची.

रडव्यांचा सगळा कप्पा घरी आला. नीट लावला. पहिल्या संध्याकाळी वैद्याने दिवेलागणीलाच पडदे ओढले, दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या आणि हाक मारली, "अगं, ये. चालू करतोय."

ती आली, बसली. जरा वेळाने उठून गॅस बघून आली. मग कपड्यांच्या घड्या घालायला आत गेली ती आलीच नाही. वैद्य एकटाच शेवटापर्यंत बसला. पडद्यावर एक मुलगी स्टेशनवर आपल्या बापाची वाट बघत म्हातारी झाली.

दुसऱ्या दिवशी तिचे डोळे चुरचुरत होते. तिसऱ्या दिवशी ती चपला घालून उभी. "ताईंकडे जाऊन येते. त्या जायच्या आहेत ना, बांधाबांध चालली आहे."

शिलाईवाल्या बाईंना त्यांचा मुलगा महिनाअखेर आपल्याकडे घेऊन जाणार होता, दुसऱ्या शहरात. वैद्याला ते ठाऊक होतं. बायको वर्षानुवर्षं संध्याकाळी त्यांच्याकडे जाते, काज-बटणं करायला हात लावते, हेही ठाऊक होतं. पण आता तो घरी बसला आहे, आता कसली काज-बटणं?

"औषध लागू पडत नाही," त्याने घड्याळवाल्याला सांगितलं.

"मग रोग ओळखण्यात चूक झाली असेल."

"माझी?"

"नाही, माझी. मीच तुझ्या बायकोला तपासतो ना रोज!"

चौथ्या संध्याकाळी त्यांच्या लग्न झालेल्या मुलीचा फोन आला. तिला आईशी बोलायचं होतं. वैद्य फोन हातात घेऊन जिना चढला. मधल्या वळणावरच त्याला किंकाळी ऐकू आली. मग कर्रर करून दार वाजलं, मग संगीत, आणि त्या सगळ्याच्या वर एक बाई खणखणीत आवाजात ओरडली, "अगं मूर्खे, वर नको जाऊस! मागे बघ, मागे!" आणि पाठोपाठ हसण्याचा असा धबधबा, की जिन्यात घुमला.

आवाज ओळखीचा वाटला, पण कुणाचा ते त्याला चटकन कळेना.

दार नुसतं लोटलेलं होतं. खोलीत बांधलेली खोकी, चादरीत गुंडाळलेलं शिलाई मशीन. जमिनीवर गादी टाकून त्याची बायको बसली होती, पाय पोटाशी, उशी छातीशी घट्ट धरलेली. शिलाईवाल्या बाईंनी तिचं मनगट पकडलं होतं. टीव्हीवर कुठल्याशा वाहिनीने जुना सिनेमा लावला होता, आणि पडद्यावर कंदील हातात घेतलेली एक बाई जिना चढत होती.

"आता बघा," त्याची बायको म्हणत होती, "या जिन्याची सातवी पायरी वाजत नाही. बाकी सगळ्या वाजतात. तिथेच ते उभं आहे. दिग्दर्शकाला अक्कल आहे, दाखवत नाही."

बाईंनी म्हटलं, "मागे तुझा हाच शेरा मी माझा म्हणून तुझ्या नवऱ्याला दिला होता. काय खूश झाला होता! म्हणाला, तुमच्यासारखं गिऱ्हाईक नाही."

दोघी पुन्हा हसल्या. मग बायकोला दारातला माणूस दिसला, आणि हसू जिथल्या तिथे थांबलं.

"तुझा फोन आहे," वैद्य म्हणाला.

घरी आल्यावर बायको भाजी निवडायला बसली. तो खुर्चीत बसून राहिला. घाऊक बाजारातले ते तास त्याला आठवत होते. एक-एक भूत हातात घेऊन त्याने विचार केला होता, हे बाईंना आवडेल का, हे लवकर तर दिसत नाही ना. म्हणजे इतकी वर्षं तो बायकोसाठीच सिनेमे निवडत होता, आणि चांगले निवडत होता. फक्त ते तिला देत नव्हता.

"कधी बोलली नाहीस," तो अखेर म्हणाला.

"काय बोलायचं?"

"की तुला भुतं आवडतात."

"तुम्ही यायचात आणि विचारायचात, कसा होता. काय हवं ते कधी विचारलंत?" ती चिडलेली नव्हती. भाजी निवडता निवडता बोलत होती. "गल्लीतल्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचात. मला एकच, तोही सिनेमा संपल्यावर."

"पण तू रडली होतीस. तो बंदराचा सिनेमा. मी स्वतः बघितलं."

ती आठवू लागली. मग तिला आठवलं, आणि वैद्याला वाटलं, नसतं आठवलं तर बरं झालं असतं.

"दाढ सुजली होती माझी. ठणका असा होता की डोळ्यांपुढे काजवे. तुम्ही एवढे खुशीत सिनेमा घेऊन आलात, म्हटलं दाढेचं कुठे सांगायचं! दुसऱ्या दिवशी शेजारणीबरोबर जाऊन काढून आले. तुम्ही दुकानात होतात."

वैद्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. मग विचारलं, "भुतांत काय आहे एवढं?"

हा प्रश्न तिने पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण तिने हातातली भाजी खाली ठेवली. "ओरडता येतं," ती म्हणाली. "रडव्यात गप्प बसून रडावं लागतं. तेवढं मला येतंच होतं."

महिनाअखेरीला शिलाईवाल्या बाई गेल्या. टेम्पो सुटताना त्यांनी वैद्याच्या बायकोचं मनगट दाबलं. पुढे चार-पाच संध्याकाळी वैद्याची बायको चपला घालायची, दारापर्यंत जायची, आणि चपला काढून आत यायची. रडव्यांचा खण कुणी उघडला नाही.

मग वैद्य भंगारवाल्याकडे गेला.

"ते? ते कधीच गेले," भंगारवाला म्हणाला. "वेष्टनं रद्दीत गेली. चकत्या नर्सरीवाल्याने नेल्या, नदीकाठच्या. पाखरं भितात म्हणे चमकण्याला."

नर्सरीत रोपांच्या लांबच लांब वाफ्यांवर दोऱ्या ताणल्या होत्या आणि दोऱ्यांना डिस्क लटकत होत्या. वारा आला की सगळ्या एकदम फिरायच्या, एकमेकींवर आपटायच्या, आणि कोवळ्या रोपांवरून उजेडाचे तुकडे पळायचे. वैद्य मान वर करून एका वाफ्यातून दुसऱ्यात हिंडू लागला. उन्हाने मार्कर फिका झाला होता, पण अक्षर त्याचंच. भु. भु. भु.

नर्सरीवाला पाण्याचा पाइप हातात घेऊन आला. "काय शोधताय आजोबा? रोपं खाली असतात."

"बायकोसाठी सिनेमा."

नर्सरीवाल्याने त्याच्याकडे, मग वर बघितलं. "चांगला कुठला ते पाखरांना विचारा. त्यांनी सगळे बघितलेत." मग वैद्याचा चेहरा बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने पाइप खाली टाकला आणि स्वतःच शिडी आणली. "पण एक सांगतो, पाखरं आता घाबरत नाहीत. सवय झाली त्यांना."

मूठभर डिस्क घेऊन वैद्य घरी आला. दुपारभर मऊ फडक्याने, टूथपेस्टचं बोट लावून, मधून कडेला, मधून कडेला पुसत बसला. बहुतेकींचं काही होण्यासारखं नव्हतं. वाऱ्याने त्यांना चारही बाजूंनी ओरबाडलं होतं. एक जरा बरी दिसली. त्याने ती उजेडात धरून नंबर वाचला. कंदिलाची, जिन्याची.

संध्याकाळी त्याने खुर्च्या बाजूला केल्या आणि जमिनीवर गादी टाकली. बायको आली. गादीकडे बघून क्षणभर थांबली, मग पाय पोटाशी घेऊन बसली. तो शेजारी बसला. गुडघे दुखले, पण बसला.

सिनेमा लागला. अडखळत, कुठे चौकोन चौकोन होत, पण लागला. तिची उशी मांडीवर नुसती पडून होती. घराचं दार कर्रर वाजलं. बाईने कंदील उचलला. ती जिना चढू लागली. पहिली पायरी वाजली, दुसरी वाजली. आणि चित्र थिजलं. कंदील वर धरलेली बाई, तोंड अर्धवट उघडं, तिथेच. यंत्र आतल्या आत घरघरत राहिलं.

वैद्य उठून खटपट करू लागला. डिस्क काढली, फुंकली, पुन्हा घातली. पुन्हा तीच पायरी.

"राहू द्या," बायको म्हणाली. "पुढचं मला पाठ आहे."

"मग सांग."

ती सांगू लागली. बाई वर जाते, खोलीत कुणी नसतं, आरशावर धूळ, धुळीत बोटाची रेघ. तिचा आवाज वर चढला, अगदी जिन्यात ऐकला होता तसा होतो की काय असं वाटलं, आणि मधेच खाली आला.

"असं सांगून मजा नाही. या जागी आम्ही दोघी ओरडायचो. ताई आधी, मग मी. मग एकमेकींचं ओरडणं ऐकून हसायचो."

वैद्याने पडद्याकडे बघितलं. ओरडावं असं त्याला मनापासून वाटलं. जन्मभर दुकानात त्याचा आवाज कमी नव्हता. पण कसं ओरडायचं, किती, कुठल्या क्षणाला, हे त्याला माहीत नव्हतं, आणि क्षण तर तिथे पायरीवर अडकून पडला होता. त्याच्या घशातून खाकरल्यासारखा काही तरी आवाज आला.

"पाणी देऊ का?" बायकोने विचारलं.

"नको. तुला काय हवं? दुसरा लावू?"

तिने त्याच्याकडे बघितलं. मग नर्सरीतून आणलेल्या डिस्क मांडीवर घेतल्या आणि एक-एक बघू लागली. नंबर वाचायची, बाजूला ठेवायची. एक मात्र तिने दिव्याकडे धरून पुन्हा पुन्हा पाहिली. ती ओरखड्यांनी पार भरलेली होती. लागणार नाही हे वैद्याला इतक्या लांबूनही दिसत होतं.

"ही," ती म्हणाली.

तिने बाहीचं टोक धरलं आणि डिस्क पुसू लागली. गोल, गोल, ताट घासावं तशी. वैद्याचं तोंड उघडलं. मग त्याने ते मिटलं, यंत्राचा खण उघडून धरला, आणि तिचं पुसून होईपर्यंत तसाच वाकून उभा राहिला.